ग्वाल्हेरची 'लॉयल्टी': छावणीतल्या मॉडेलवाल्या भावांनी घडवलेली बोट

छावणीतल्या मॉडेलवाल्या दोघा भावांकडून आमच्या वाचनालयासाठी एका जुन्या आगबोटीचं मॉडेल करून घेतलं. ग्वाल्हेरात असं काम कोणी करतं का, किती पैसे पडतात, भरवसा ठेवावा का, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. आधी निकाल सांगते: पाचात चार. बोटीचं अंग इतकं देखणं उतरलंय की पेपर वाचायला आलेली माणसंही आधी तिच्यापाशी जाऊन उभी राहतात. कठडा मात्र जाड झाला आणि कबूल केलेली तारीख पाळली गेली नाही, म्हणून एक कमी.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात बोट कशाला, हा प्रश्न वाचनालयाच्या सभेतसुद्धा निघाला होता. त्याचं उत्तर असं की ही बोट ग्वाल्हेरची आहे. १८९० साली इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या गोदीतून ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. मालकी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची. हाँगकाँग, योकोहामा, व्हँकुव्हर अशी पॅसिफिक महासागरातली टपालाची आणि उतारूंची ने-आण ती करायची. 'एम्प्रेस ऑफ जपान' आणि 'एम्प्रेस ऑफ चायना' या तिच्या दोन बहिणी, तिघीही पांढऱ्याशुभ्र. जुलै १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद योकोहामाहून ज्या बोटीत चढले आणि व्हँकुव्हरला उतरून पुढे शिकागोला गेले, ती हीच बोट. १४ जुलैला निघाले, २५ जुलैला पोचले. जमशेटजी टाटा त्याच बोटीवर होते. पुढे १८९८ साली टाटांनी स्वामीजींना पत्र लिहिलं, त्याची सुरुवातच जपानपासूनच्या त्या सहप्रवासाची आठवण देऊन केली आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१४ च्या अखेरीस आपल्या माधो महाराजांनी, म्हणजे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी, ही बोट विकत घेतली, जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ-बोट म्हणून, आणि तिचं नाव 'लॉयल्टी' ठेवलं. महाराजांना हे काम नवीन नव्हतं. १९०० सालच्या चीनच्या मोहिमेत त्यांनी 'ग्वाल्हेर' नावाची इस्पितळ-बोट दिली होतीच. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी 'लॉयल्टी' घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. दरवर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, तो याच प्रवासाच्या आठवणीसाठी. इंग्रजी कंपन्यांच्या हातात असलेल्या समुद्रावर हिंदी मालकीची बोट लंडनपर्यंत गेली, ही त्या काळात केवढी गोष्ट होती! १९२३ साली मुंबईतच ती मोडीत निघाली.

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला जयविलास राजवाड्यात नेतो आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी दाखवतो, जिच्या डब्यांवर 'सिंदिया' हे नाव एकेक अक्षर करून लिहिलंय. गाडी बघण्यासारखीच आहे, मीही प्रत्येक वेळी थांबते. पण त्याच महाराजांच्या बोटीवरून देशाचा सागरी दिन ठरला, हे माझ्या वर्गातल्या मुलींना कधी माहीत नसायचं. माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. महासागरांचे प्रवाह फळ्यावर काढताना ही बोट मी दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी मुली विचारत, "बाई, ती दिसायची कशी?" दाखवायला हाताशी काही नव्हतं. निवृत्तीनंतर जनकगंजच्या आमच्या वाचनालयात वर्गणीची वही फिरवली ती त्यासाठी.

आता कामाकडे येते. या भावांच्या दुकानावर पाटी नाही. छावणीत विचारलं की कोणीही मॉडेलवाल्यांचं घर दाखवतं. खाली कारखाना, वर राहणं. त्यांचा मुख्य धंदा बिल्डर लोकांना फ्लॅटच्या स्कीमची मॉडेलं करून देण्याचा. त्या हिरव्या स्पंजाची झाडं लावलेल्या, आतून दिवे लागणाऱ्या इमारती आपण साइट ऑफिसात बघतो त्या. गणपतीत मंडळांच्या आराशी, लग्नसराईत स्टेजचं सामान. थोरला लाकडाचा आणि रंगाचा, धाकटा कॉम्प्युटर, लेझर आणि थ्रीडी प्रिंटरचा. दोघंही मला काकू म्हणतात. बोट त्यांनी आधी कधी केली नव्हती आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं.

मोजमाप असं ठरलं. मूळ बोट लांबीला ४५५ फुटांहून थोडी जास्त, रुंदीला ५१ फूट. वाचनालयाच्या बुटक्या कपाटाचा माथा साडेतीन फुटांचा. म्हणून १:१५० हे प्रमाण धरलं. बोट साधारण ९३ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटरांहून जरा जास्त रुंद झाली. या प्रमाणात माणूस एक सेंटिमीटरपेक्षा जेमतेम उंच भरतो. हे धाकट्याला सारखं सांगावं लागलं, कारण त्याच्याकडची तयार माणसं १:१०० ची होती आणि ती डेकवर ठेवली की कॅप्टन दारातून आत जाऊ शकला नसता. शेवटी डेकवर माणसं ठेवलीच नाहीत.

कोणत्या काळातली बोट करायची यावर बरीच चर्चा झाली. आमच्या चिटणीसांना इस्पितळ-बोटच हवी होती, दोन्ही बाजूंना ठळक लाल क्रॉस आणि वर नाव 'लॉयल्टी'. त्यांचं म्हणणं मला कळत होतं; ग्वाल्हेरचा संबंध तिथेच येतो. पण आमच्या हाती जे स्वच्छ फोटो होते ते पॅसिफिकच्या दिवसांतले. व्हँकुव्हर शहराच्या अभिलेखागारात या बोटीचे जुने फोटो जपून ठेवलेत. माझ्या पुतण्याने ते काढून मोठ्या कागदावर छापून दिले. ज्याचा फोटो समोर आहे तेच घडवायचं, यावर मी अडून बसले. संग्रहालयात ठेवायच्या मॉडेलला हाच नियम लावतात आणि वाचनालयातल्या मॉडेललाही तोच लागतो, कारण मुलं ते खरं मानून डोळ्यांत साठवणार असतात. त्यामुळे आमची बोट १८९३ सालची आहे, स्वामीजी बसले त्या उन्हाळ्यातली. खालच्या पितळी पाटीवर दोन्ही नावं, तिन्ही मालक आणि सगळ्या तारखा आहेत, आणि पहिली ओळ ग्वाल्हेरची आहे. चिटणीसांनी ते मान्य केलं.

त्याच कारणाने पाण्याखालचा भाग केला नाही. पाण्याखालच्या आकाराचे नकाशे हातात नसताना तो अंदाजाने घडवणं मला पटेना. बोट पाण्याच्या रेषेपर्यंतच आहे आणि खाली समुद्र आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. इमारत करणाऱ्या हाताला सरळ रेषेची सवय असते. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा थोरल्याने अंग घडवून ठेवलं होतं: शिवणीच्या फळ्यांचे थर एकावर एक चिकटवलेले, कड घासून गुळगुळीत केलेली, हात फिरवावासा वाटेल असं काम. पण डेक पुढून मागपर्यंत एका पातळीत, ठार सपाट. बोट कुठेच सपाट नसते. तिचा काठ मधे खाली असतो आणि दोन्ही टोकांकडे चढत जातो, दोन खांबांना बांधलेली वाळणाची दोरी मधे ढिली पडते तसा. माझे धाकटे दीर मर्चंट नेव्हीत होते, त्यांच्याकडून हे बारकावे ऐकत आले आहे. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उंच असली की समोरून येणारी लाट डेकवर चढत नाही. पिछाडी उंच असली की मागची चढत नाही. शिवाय डेक आडवाही मधे किंचित फुगीर असतो, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावं म्हणून.

हे तोंडी सांगून पटण्यासारखं नव्हतं. थोरला म्हणाला, "काकू, इमारतीची लेव्हल गेली तर बिल्डर पैसे कापतो. तुम्ही लेव्हल घालवायला सांगताय." मग आम्ही मोठा छापलेला फोटो टेबलावर पसरला आणि धाकट्याने शिवणाचा दोरा नाळेच्या टोकापासून पिछाडीच्या टोकापर्यंत ताणून धरला. दोऱ्याखाली काठ सरकत सरकत लांब गेला आणि पुन्हा वर येऊन मिळाला. थोरल्याने वाकून बघितलं, पट्टी लावली, काही बोलला नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा वरचे थर काढून त्याने नवे लावले होते, काठ कमानीत कापला होता, आणि डेकसाठी जाड एमडीएफच्या जागी १ मिलिमीटरचा प्लाय ओलवून, वाकवून बसवला होता. मॉडेलवर नाळेकडची चढण दीड सेंटिमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशाने खोक्याची बोट झाली. या दुरुस्तीचे त्याने पैसे मागितले नाहीत. मीच लाकडाचे दिले.

त्या कमानीमुळे पुढचं एक काम अवघड झालं: गोल खिडक्या. त्या काठाला धरून चालतात, म्हणजे त्यांची रांगही कमानीत हवी. धाकट्याने फोटोवरून मोजून कागदी पट्टी कापली, ती अंगावर चिकटवली आणि २ मिलिमीटरच्या बिटने एकेक भोक पाडलं. आत गडद निळा रंग आणि वर पारदर्शक व्हार्निशचा एक थेंब. संध्याकाळी खिडकीतून ऊन आलं की ते थेंब काचेसारखे चमकतात. एका बाजूला मागच्या भागात दोन भोकं किंचित वर गेलीत. शोधणाऱ्यालाच दिसतील.

नाळ ही या बोटीची खरी शोभा. ज्या काळात नव्या आगबोटींची नाळ चाकूने कापल्यासारखी उभी व्हायला लागली होती, त्या काळात या तिघी बहिणींना शिडाच्या जहाजांसारखी पुढे झेपावणारी, आतून वळलेली नाळ दिली होती. पिछाडीही पाण्यावर मागे झुकून येते. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, सगळं मागे कललेलं. लांबून बघितलं तर उतारूंच्या बोटीपेक्षा एखाद्या राजाची विहारनौका वाटावी. थोरल्याने ही नाळ कानशीने आणि पॉलिश पेपरने हातानेच उतरवली. खालून वर बघितलं की तिची कड बारीक होत जाते आणि टोकाला अगदी पेन्सिलच्या शिशाएवढी राहते. तिथे लाकूड तुटू नये म्हणून आत पितळेची तार घातली आहे.

नाळेच्या टोकावर काय लावायचं यावरून एक गंमत झाली. धाकट्याने इंटरनेटवर शोधून एक झकास ड्रॅगन प्रिंट करून आणला होता, लाल तोंड, सोनेरी दात. तो ड्रॅगन खराच आहे, पण धाकट्या बहिणीचा, 'एम्प्रेस ऑफ जपान'चा. ती मोडली तेव्हा तिच्या नाळेवरचं ते शिल्प लोकांनी वाचवलं. मूळ शिल्प व्हँकुव्हरच्या सागरी संग्रहालयात आहे आणि त्याची प्रतिकृती तिथल्या स्टॅनली पार्कात समुद्राकडे तोंड करून बसवली आहे. आमच्या बोटीला तो लावून चालणार नव्हतं. आमच्या मॉडेलवर साधी सोनेरी वेलबुट्टी आहे. ड्रॅगन धाकट्याने स्वतःच्या टेबलावर ठेवला आहे आणि तिथे तो छान दिसतो.

धुराडी आणि डोलकाठ्यांचा कल सारखा राहावा म्हणून दोघांनी फोटोवरून पुठ्ठ्याचा तिरका साचा कापला आणि प्रत्येक खांब त्याला टेकवून बसवला. बाजूने एक डोळा मिटून बघितलं तर पाचही एकाच कलाने मागे गेलेत. हे काम मला फार आवडलं. मोठमोठ्या दुकानांतून मिळणाऱ्या शोभेच्या बोटींत हमखास एखादी काठी वाट चुकलेली असते.

रंगाची गोष्ट लवकर संपवते. धुराडी पहिल्यांदा शाळेच्या बसच्या पिवळ्या रंगात आली होती. ती बदामीकडे झुकणारी हवीत. दुसऱ्यांदा बरोबर आली, पैसे न घेता. अंगाला त्यांनी गाडीला मारतात तसा चकचकीत ड्युको मारला होता. इतक्या लहान वस्तूवर चकाकी आली की ती खेळणं वाटते, कारण खरी बोट दुरून बघताना मधली हवा तिची चमक मऊ करते. वरून मॅट व्हार्निशचा पातळ हात दिल्यावर पांढरा रंग शांत झाला.

आता दोष. कठडा. डेकच्या चारी बाजूंना फिरणारा कठडा त्यांनी इमारतीच्या बाल्कनीसाठी येणाऱ्या तयार पट्टीचा लावला. ती ०.८ मिलिमीटर जाड आहे. १:१५० ने हिशेब करा: १२ सेंटिमीटर जाडीचा नळ. आगबोटीच्या कठड्याला माणूस बोटांनी धरतो. हा मिठीत घ्यावा लागेल. जिथे कठडा आहे तिथे बोट एकदम जड दिसते, आणि नाळेजवळ, जिथे सगळं बारीक होत जायला हवं, तिथे तर तो फारच खटकतो. मी हे काम चालू असताना दोनदा सांगितलं होतं. तेव्हा "बारीक पट्टी मिळत नाही" हे उत्तर आलं आणि तयार मॉडेल तसंच आलं. इतक्या कसोशीने काम करणाऱ्या माणसांनी इथे हात आखडता घेतला याचं मला खरंच वाईट वाटलं.

हवेचे भोंगे, म्हणजे डेकवरून खाली हवा नेणारे वाकड्या गळ्याचे ते नळ, थ्रीडी प्रिंटरवर काढलेत. आकार नेमका, पण काहींवर प्रिंटिंगचे थर बोटाला लागतात. घासायला वेळ दिला असता तर गेले असते. होड्या मात्र थोरल्याने लाकडात कोरल्यात आणि त्यांवर बारीक कापडाचं झाकण ओढलंय. भिंग लावून बघाव्यात अशा आहेत.

डोलकाठ्यांचे दोर आधी सुती होते. सुती दोरा हवेतला ओलावा धरतो आणि सोडतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ताणून बांधलेले ते दोर पहिल्या पावसात बिघडले, काही ढिले पडले, एका काठीला ओढ बसली. फोन केला. धाकटा त्याच आठवड्यात आला आणि सगळे सुती दोर काढून बारीक नायलॉनचे काळे दोर बांधून गेला, अर्धा दिवस बसून. एक पैसा घेतला नाही. माल दिल्यावर फोन उचलणारे कारागीर किती दुर्मीळ झालेत हे घराचं काम काढलेल्या कोणालाही विचारा.

मधल्या डोलकाठीवर कंपनीचा झेंडा आहे, लाल-पांढऱ्या सहा चौकोनांचा. तो आधी छापील कागदाचा, ताठ होता. मी जुन्या रेशमी अस्तराचा तुकडा दिला, त्यावर रंगवून घेतला. आता तो नीट घडी पडून लोंबतो.

समुद्र एपॉक्सी रेझिनचा आहे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात रेझिन ओतणं जोखमीचं, कारण उष्णतेने ते फार भराभर जमतं, आतून तापतं आणि तडकतं. थोरल्याने ते पहाटे, पातळ पातळ थरांत ओतलं. रंग निळा न ठेवता राखाडीकडे झुकणारा हिरवा ठेवलाय. ढगाळ हवेत महासागर असाही दिसतो, असं दिरांनीही फोटो बघून सांगितलं. नाळेजवळचा फेस कापसाचा नाही, जेल लावून, त्यावर कोरड्या ब्रशने पांढरा रंग थोपटून केलाय. नाळ पाणी चिरते आहे असं वाटतं. लाटा जरा मोठ्या झाल्यात, पण बोट इतकी चांगली बसलीय की त्याबद्दल तक्रार नाही.

पेटी अ‍ॅक्रिलिकची, ५ मिलिमीटरची, सागवानी चौकटीत. काच घेऊ का, असं विचारतात, घेऊ नका. एवढ्या मोठ्या काचेचं ओझं फार होतं आणि वाचनालयात मुलं असतात. आपल्याकडची धूळ मात्र लक्षात ठेवा. उन्हाळ्यातला गरम वारा, लू, सुटली की बंद खोलीतही बारीक माती येते. चौकटीच्या खाचेत त्यांनी नमद्याची पट्टी घातली आहे, तिने बरंच काम होतं. एका कोपऱ्यात चिकटवताना द्राव ओघळून धुरकट डाग राहिलाय. तो कोपरा भिंतीकडे केला आहे.

खर्च पेटी आणि पाटीसकट ४६,००० रुपये. ऐकून दचकणारे आहेत. पण ऑनलाइन मिळणाऱ्या, जाहिरातीत 'म्युझियम दर्जा' असं लिहिलेल्या लाकडी बोटी मी त्याआधी बघितल्या होत्या. किंमत याच घरात, आणि बोट कुठली तर प्रसिद्ध चार-पाचांपैकी एक, तीही काठ सपाट असलेली. आमची बोट तयार मिळणं शक्यच नव्हतं. दोन माणसांचं इतक्या आठवड्यांचं काम धरलं तर त्यांना यात फार काही सुटलं असेल असं वाटत नाही.

तारखेचं सांगते. आम्हाला ती ५ एप्रिलला हवी होती, सागरी दिनाला. मुलांना बोलावलं होतं, दिरांना भाषणासाठी सांगितलं होतं. मार्चमध्ये त्यांना एका मोठ्या स्कीमचं काम आलं आणि आमचं बाजूला पडलं. ५ एप्रिलला आम्ही मुलांना फोटोंवर भागवलं. बोट मे महिन्यात आली. बिल्डरचं काम पोटापाण्याचं आहे हे मी समजते, पण तसं फेब्रुवारीतच सांगितलं असतं तर कार्यक्रम पुढे ढकलता आला असता. तुम्हाला तारीख गाठायची असेल तर दोन महिने आधीची तारीख सांगा आणि दर आठवड्याला जाऊन बसा. बसायला खुर्ची आणि चहा मिळतो.

आणायची व्यवस्था त्यांनीच केली. ई-रिक्षात मागची सीट काढून, गादीवर ठेवून, धाकटा पेटीला धरून बसला आणि बाड्यावरची संध्याकाळची गर्दी टाळायला सकाळी सातला निघाले. दोर सोडा, एक भोंगासुद्धा हलला नाही.

कोणी जावं? ज्यांच्याकडे फोटो आणि मापं तयार आहेत, जाऊन समोर बसायची तयारी आहे, त्यांनी जरूर जावं. फोनवर "एक छान बोट करून द्या" सांगून मोकळं व्हायचं असेल तर इथे जाऊ नका. मग तुम्हाला सपाट डेक आणि ड्रॅगन मिळेल. फोटो मॉडेलच्याच मापात छापून न्या, म्हणजे ते थेट कागदावर लाकूड ठेवून मोजतात. पैसे तीन हप्त्यांत ठरवा आणि शेवटचा हप्ता कठड्यानंतरच द्या.

कठड्यावरून आमचं बोलणं परवा पुन्हा झालं. पितळेच्या पाट्या आम्लाने कोरून देणारा एक कारागीर धाकट्याने दाणाओळीत शोधलाय. त्याच्याकडून त्याने पातळ पत्र्यातून कठड्याचा बोटभर तुकडा कोरून आणला, ०.३ मिलिमीटर. तो नाळेजवळ धरून बघितला तर मागचा समुद्र कठड्यातून स्वच्छ दिसत होता. पत्र्याचे आणि कोरण्याचे पैसे आम्ही देणार, बसवण्याचे ते घेणार नाहीत. जुनी पट्टी काढताना डेकचा रंग उडेल, तो थोरला पुन्हा मारून देईल. दिवाळीच्या आराशी आणि दुकानांची कामं आटोपली की नोव्हेंबरात हात घालू म्हणालेत. या खेपेला तारीख मी लिहून घेतली आहे.